दोन चाळीस चोवीस

उजवा हात, कोपरापासून, निर्यातीच्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेलाच्या कोपऱ्यात परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलचं नाव विणलेलं.

*

चार टॉवेलांचे काठ शिवून झाले की घड्याळ उडी मारतं. तिसऱ्याला मारत नाही. पाचव्यालाही नाही.

*

सांगोल्याच्या वजनकाट्यावर डाळिंबांनी भरलेला ट्रक उभा आहे. मागून एक शेळी काट्यावर चढते. आकडा हलत नाही. शेळी उतरते. आकडा हलत नाही.

*

गेटचा रिपोर्ट, कुठलाही दिवस: सकाळी सात एकोणसाठ वीस, एकाच सेकंदाला एकसष्ट माणसं आत. गेट एका वेळी एकालाच सोडतं.

*

"बॉक्समधली जागा भरत आली होती. वेळेच्या आकड्याची जागा निम्मी केली. प्रोग्राम उत्तम चालतो." दुरुस्तीच्या नोंदींतली एक ओळ, आठ महिन्यांपूर्वीची.

*

२:४०:२४ हायड्रो चालू
२:४०:२४ हायड्रो बंद
२:४०:२४ मास्टर कार्ड, हायड्रो मोकळा

१०:५८:३२

"सही करा, चहा घ्या आणि निघा," प्लँट मॅनेजर जोतीराम म्हणाले. चहा त्यांनी मागवलेला नव्हता.

बुद्धप्रिया शिवशरणनं आपली पेटी टेबलावर ठेवली. चिंचोळी एमआयडीसीतल्या तीसेक कारखान्यांत तिचं जाणंयेणं होतं. काटे, तापमापक, दाबाची घड्याळं, जे जे मोजतं ते खरं मोजतं का हे बघायचं आणि मोजत असेल तर तारखेचं हिरवं स्टिकर चिकटवायचं, हा तिचा धंदा. या धंद्यात कपाळावरच्या आठ्या रोजच्याच. पण आज गेटवरच्या वॉचमननंसुद्धा तिची पेटी तीनदा उघडायला लावली होती.

मंगळवारी दुपारी कल्लप्पा नावाचा फिटर हायड्रोच्या मागं पट्टा बसवायला वाकला होता. हायड्रो म्हणजे धुतलेले टॉवेल गरगर फिरवून पिळून काढणारं यंत्र. कल्लप्पाचा हात आत असतानाच ते सुरू झालं. हात गेला, माणूस वाचला. हायड्रो चालवणारा संघपाल त्याच संध्याकाळी निलंबित झाला. आज शनिवार. पाच वाजता चौकशी होती, आणि चौकशी संपली की हाच रिपोर्ट पोलिसांकडे जायचा होता. संघपालवर गुन्हा दाखल होणार हे आत्ताच भिंतीलासुद्धा माहीत होतं.

"घड्याळ बरोबर आहे, एवढं एकच वाक्य लिहायचंय," जोतीराम म्हणाले. "उद्या त्याच्या वकिलानं फाटे फोडायला नकोत."

बुद्धप्रियानं रिपोर्टचा कागद उचलला. डावीकडे बोटभर पांढरी जागा जास्तच सुटली होती. तिनं ते पाहिलं आणि खालच्या ओळी वाचल्या.

"तिन्ही गोष्टी एकाच सेकंदाला?"

"अपघात असाच होतो, मॅडम. डोळ्याची पापणी लवायच्या आत."

"बंद कुणी केलं?"

"शिवणखात्यातल्या सावित्रम्मानं. पळत येऊन लाल बटण दाबलं."

"कुठून पळत?"

जोतीरामांनी वैतागून काचेतून शेडच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. बुद्धप्रिया खाली उतरली आणि शिवणाच्या टेबलापासून लाल बटणापर्यंत चालत गेली. बेचाळीस पावलं भरली. ती मोजत असतानाच टॉवेलांचा गठ्ठा घेऊन एक पन्नाशीची बाई समोरून आली. डावा गुडघा न वाकवता, पाय ओढत.

"सावित्रम्मा?" बुद्धप्रियानं विचारलं.

बाईनं तिच्या पेटीकडे बघितलं आणि गठ्ठा सावरून पुढं निघून गेली.

१२:३०:१६

या कारखान्यात यंत्रात हात घालण्याआधी आपलं लाल कार्ड पॅनलमध्ये खुपसायचं असा नियम होता. कार्ड आत असेपर्यंत यंत्र अडकलेलं. काम संपलं की ज्याचं त्यानंच कार्ड काढायचं. मग भोंगा वाजतो, हिरवा दिवा लागतो आणि तेव्हाच चालूचं बटण जिवंत होतं. दुसऱ्याच्या कार्डानं अडकलेलं यंत्र, तसाच भोंगा वाजवून, मोकळं करणारं मास्टर कार्ड एकच. ते सुपरवायझर अमृतच्या गळ्यात लटकत होतं.

"किंकाळी ऐकली, धावलो," अमृत म्हणाला. "सावित्रम्मानं बटण दाबलंच होतं. झाकण उघडायला मी मास्टर लावलं. चालू, बंद, मोकळं. कागदावर हाच क्रम आहे. वाचता येतं ना?"

"येतं. म्हणजे संघपालनं चालू केलं तेव्हा हायड्रो कल्लप्पाच्या कार्डानं अडकलेलाच होता. मग बटण चाललं कसं?"

"वायर जोडली असणार. एकेक नग आहेत इथं." तो थांबला, तिच्या ओळखपत्राकडे बघत राहिला. "शिवशरण. संघपाल तुमचा कोण लागतो?"

"कुणी नाही."

"नाही, आडनाव वाचलं म्हणून विचारलं."

"मी यंत्रं तपासते. आडनावं तपासायचं काम दिसतंय तुमच्याकडे."

आजूबाजूच्या दोघांनी माना खाली घातल्या. हसू लपवायला की भीतीनं, ते कळलं नाही.

तिनं लाल कार्ड खुपसून चालूचं बटण दाबलं. यंत्र ढिम्म. मग पॅनलचं झाकण उघडलं. आत सगळ्या वायरींवर सुताच्या भुशीचा मऊ, करडा थर बसला होता. मांजराच्या पाठीसारखा सलग. बोट लावलं तिथं काळा ठिपका उमटला. तिच्या आधी इथं महिनोन् महिने कुणाचं बोट लागलेलं नव्हतं.

शेवटी पॅनलवरचं घड्याळ. तिनं ते आपल्या प्रमाणवेळेशी दहा मिनिटं ताडून पाहिलं. एका सेकंदाचाही फरक नाही.

"बरोबर आहे ना?" अमृतनं विचारलं.

"अगदी बरोबर आहे."

"मग करा सही."

"घड्याळ बरोबर आहे म्हणूनच करता येत नाही," ती म्हणाली. "बिघडलेलं असतं तर सोपं होतं."

१:१५:०४

संघपाल गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसला होता. आत यायला बंदी होती.

"तुमी सही करनार," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आनि माझ्या पोरांना गल्लीत ऐकून घ्यावं लागनार. आमच्यातल्याच बाईला बोलावलं म्हंजी कुनी बोट दाखवायला नको. लई हुशार हायती."

"काय झालं ते सांगा."

"चारदा सांगितलं."

"मला नाही सांगितलं."

त्यानं ग्लास आपटला. "भोंगा वाजला. हिरवा दिवा लागला. मी माल भरला, झाकण लावलं, बटन दाबलं. कल्ल्या मागं हाय हे दिसत न्हाय तितनं. हिरवा दिवा म्हंजी मानूस बाहेर. दुसरं काय बघायचं असतं, तुमीच सांगा की?"

"भोंगा आणि बटण यांच्यात किती वेळ गेला?"

"मिनिटभर. माल भरायला लागतोच तेवढा."

"कागदावर शून्य सेकंद आहेत."

"मग कागदालाच घाला की मशीन चालवायला!"

ती उठली तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला. "सावित्रम्माला विचारा. तिला ठावं हाय. सांगनार न्हाय ती."

"का?"

"आमी कुनीच सांगत न्हाय."

३:२९:२८

जेवणाच्या सुट्टीनंतर बुद्धप्रिया शिवणखात्याच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली आणि सहा महिन्यांचे रिपोर्ट मांडीवर पसरून वाचू लागली. तासाभरात दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली: कुठल्याही दोन नोंदींमधलं अंतर एकतर शून्य, नाहीतर दोन मिनिटं आठ सेकंद किंवा त्याच्या दुप्पट, तिप्पट, दसपट. मधलं काहीच नाही. दुसरी: जुन्या रिपोर्टांत डावीकडे एक चालू क्रमांकाचा रकाना होता. मंगळवारच्या रिपोर्टात तो नव्हता. त्याच्या जागी ती बोटभर पांढरी जागा होती.

समोर सावित्रम्माचं मशीन खडखडत होतं. बुद्धप्रियानं खिशातलं स्टॉपवॉच काढलं. एक टॉवेल, चारही काठ: बत्तीस सेकंद. दुसरा: बत्तीस. तिसरा: तेहेतीस. चौथा: एकतीस.

मशीन थांबलं.

"माजा वेळ मोजतीस व्हय गं?" सावित्रम्मा गरजली. "त्यांनी पाटवलं तुला? तीस वर्सं शिवतेय मी. आजीबी माजी इनकरीनच होती. हात काय घड्याळाला इच्यारून चालतात?"

"तुमचा हात घड्याळापेक्षा बरा चालतो, म्हणून मोजलं. चार टॉवेलांना दोन मिनिटं आठ सेकंद होतात, सावित्रम्मा. रिपोर्टातलं घड्याळ तेवढीच उडी मारतं. तुम्हाला हे माहीत आहे."

मागच्या चार मशिनीही थांबल्या.

"गेटावर बी तसंच हाय," शेवटी ती आवाज खाली आणून म्हणाली. "आठनंतर नोंद पडली की गेट उगडत न्हाय. घरी जा म्हनत्यात. पन मोबाइलात आठ वाजून चोवीस सेकंद होईपत्तूर पंच केलं, तरी हितं सात एकोनसाटच पडतंय. पंचविसाव्याला गेलं की आठ एक. आमी मोजून बगितलं की. त्या चोवीस सेकंदांत पोरांचे डबे भरतो आमी. मंगळवारी कल्लप्पा बी त्यातच शिरला, माज्या मागनं, धापा टाकत. अक्कलकोटची गाडी लेट होती." तिनं सुई वर केली. "आता तू हे सायबाला सांगनार. ते घड्याळ नीट करनार. आनि आमी उपाशी परत जानार. अय्यो, किती चांगलं काम करतीस गं तू!"

"नाही सांगितलं तर संघपाल आत जाईल."

"ते ठावं हाय मला!" ती ओरडली. "चार रात्री डोळ्याला डोळा न्हाय माज्या."

मग सावित्रम्मानं शिवलेल्या टॉवेलांवर हात ठेवला.

"भोंगा वाजला तवा मी नवीन टॉवेल लावला. तो झाला, दुसरा झाला, तिसरा सुईखाली घेतला न्हाय तोवर हायड्रो सुरू. मग किंकाळी. मग मी पळाले. माजं पळनं बगितलंस न्हवं? अर्दा मिनिट तरी लागला." तिनं मान वर केली. "आनि हायड्रोपाशी पोचले तवा अमृत तितं आदीपासूनच हुबा होता. कार्ड हातात धरून. भिंतीसारखा पांडरा."

४:१०:००

युवराज हा सॉफ्टवेअरवाला. त्याच्या खोलीत एसी होता आणि खुर्ची एकच होती. तो तिच्यावरच बसून राहिला.

"वेळेचं रूपांतर पूर्ण सुरक्षित आहे," तो म्हणाला. "मी स्वतः लिहिलंय. यंत्रांच्या आणि गेटच्या नोंदी साठवणाऱ्या बॉक्सकडून दशांश आकडा येतो, त्याची मी कॉम्प्युटरची वेळ बनवतो. आकडा ऋण आला तर अडवतो. प्रचंड मोठा आला तर अडवतो. आकडाच नसलेलं काही आलं तरी अडवतो. आठ महिन्यांत प्रोग्राम एकदाही पडलेला नाही. तुमच्या वजनमापांच्या पेटीत बसेल असा विषय नाही हा."

"हा आकडा कशाचा असतो?"

"सेकंदांचा. १९७० सालच्या पहिल्या जानेवारीपासून किती सेकंद झाले त्याचा. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल."

"म्हणजे आज पावणेदोनशे कोटींच्या वर. दहा आकडी संख्या. आणि आठ महिन्यांपूर्वी तुम्ही तिची जागा निम्मी केलीत, दुरुस्तीच्या नोंदींतच आहे तसं. तेवढ्या जागेत किती आकडे खरे राहतात?"

युवराजचा हलणारा पाय थांबला.

"सातेक," तीच म्हणाली. "पुढचे जवळच्या पायरीवर ढकलले जातात. माझं आजोळ सांगोल्याचं. तिथं ट्रकचा काटा आहे. ट्रक चढवला की पन्नास पन्नास किलोंच्या पायऱ्या. वर शेळी चढली तरी काटा हलत नाही. काटा मोडलेला नसतो, तो शेळीसाठी नसतोच. तुमच्या जागेत एकशे अठ्ठावीस सेकंदांच्या पायऱ्या आहेत, साहेब. दोन मिनिटं आठ सेकंद. एका पायरीवर यंत्र मोकळं होतं, सुरू होतं, माणसाचा हात जातो आणि एक बाई बेचाळीस पावलं पळते. तुम्ही त्या सगळ्याला दोन चाळीस चोवीस म्हणता."

"पण मी सगळ्या चुका अडवल्या आहेत—"

"आरडाओरडा करणाऱ्या चुका अडवल्यात. ही गुपचूप आत आली. आत गेलेला आकडा बाहेर तसाच येतो का, एवढं एकदा बघितलं होतंत?"

युवराजनं स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली.

"आता दुसरं," ती म्हणाली. "वेळ सारखी असेल तर ओळी कशाच्या क्रमानं लागतात?"

"बटणाच्या नंबरानं." आवाज बसला होता. "चालू तीन, बंद पाच, मास्टर नऊ."

"म्हणून सहा महिन्यांत जिथं जिथं वेळ सारखी आहे, तिथं तिथं यंत्र आधी सुरू झालंय आणि मोकळं नंतर. मग या कारखान्यात रोजच कुणीतरी वायर जोडतं म्हणा! आणि तिसरं. चालू क्रमांकाचा रकाना कुणी काढायला लावला?"

"मला वाटलं रिपोर्ट सुटसुटीत हवाय."

"कुणाला?"

युवराज खुर्चीतून उठला. बसा, असं मात्र म्हणाला नाही.

४:५९:०४

चौकशीच्या खोलीत पाच जण होते. जोतीराम टेबलामागं. अमृत खिडकीपाशी. युवराज लॅपटॉप छातीशी धरून. संघपालला उभंच ठेवलं होतं. सावित्रम्मा खुर्ची असूनही बसली नव्हती.

"सही?" जोतीराम म्हणाले.

"आधी एक कागद बघा." बुद्धप्रियानं त्यांच्यासमोर ताजा रिपोर्ट सरकवला. "आत्ताच खाली करून आले. तपासणीसाठी अमृतकडून मास्टर घेऊन हायड्रो मोकळा केला. एक मिनिट दहा सेकंद थांबले. चालू केला. अर्ध्या मिनिटानं बंद केला. वॉचमन साक्षीला होता. काय छापून आलंय वाचा."

जोतीरामांनी वाचलं. चालू, बंद, मोकळं. तिन्ही एकाच सेकंदाला. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूसुद्धा पाहिली.

"म्हणजे रिपोर्ट बोगस," अमृत पटकन म्हणाला. "ठीक आहे. मग खरा क्रम कुणालाच माहीत नाही. सावित्रम्माचा धरू नका, माझाही धरू नका. संशयाचा फायदा द्या आणि मिटवा सगळं. संघपाललासुद्धा तेच हवंय."

संघपालनं मान वर केली. क्षणभर खरंच तेच हवं असल्यासारखं वाटलं.

"खरा क्रम लिहिलेला आहे," बुद्धप्रिया म्हणाली. "बॉक्स प्रत्येक नोंदीला एक क्रमांक देतो. एकापुढं एक, पूर्ण आकडा. त्याला दशांश नाही, पायऱ्या नाहीत. सहा महिने तो रिपोर्टात छापला जात होता. अपघातानंतर रकाना गेला, जागा तेवढी राहिली."

"काय बडबड आहे ही!" अमृत ओरडला. "युवराज, सांग यांना."

युवराजनं एकदा अमृतकडे बघितलं, एकदा जोतीरामांकडे. मग लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला.

"मला बुधवारी सकाळी मेल आला होता," तो म्हणाला. "अमृत सरांचा. रकाना काढा म्हणून. मेल माझ्याकडे आहे."

स्क्रीनवर तीन ओळी होत्या.

४१२०६ मास्टर कार्ड, हायड्रो मोकळा
४१२०७ हायड्रो चालू
४१२०८ हायड्रो बंद

आणि त्यांच्याखाली मास्टर कार्डाची दुसरी नोंदच नव्हती.

"झाकण उघडायला मास्टर लावलं म्हणालात," बुद्धप्रिया अमृतला म्हणाली. "ते लावलंच नाहीत. त्या दुपारी तुम्ही कार्ड एकदाच लावलंत. कल्लप्पाचं लाल कार्ड आत असताना."

"कंटेनर गेटवर उभा होता." अमृतचा आवाज अजून चढलेलाच होता, पण तो आता कुणाकडेच बघत नव्हता. "साहेबांचे चार फोन आले होते. पट्टा बसवायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. तो बाहेर आला असेल असं वाटलं."

"मागं जाऊन बघितलंत?"

अमृतनं गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं.

"इच्यारतेय की ती!" सावित्रम्मा कडाडली. "बगितलंस का?"

जोतीराम उठून उभे राहिले. "फोनचा विषय चौकशीत नको," ते बुद्धप्रियाला म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे काम असेलच असं नाही."

"स्टिकर लावलेलं नाही," ती पेटी बंद करत म्हणाली. "प्रमाणपत्र देता येत नाही, असं लिहिलंय. कारण खाली आहे. संघपालच्या वकिलालाही प्रत देतेय."

संघपालनं तिचे आभार मानले नाहीत. तो सावित्रम्माजवळ गेला आणि तिच्यापुढं नुसता उभा राहिला. "सर, माझा हात," एवढंच म्हणून अमृत मधेच थांबला. बहुतेक त्याला म्हणायचं होतं, माझा हात नव्हता यात.

७:५९:२०

युवराजनं रविवारी बसून आकड्याची जागा पुन्हा पूर्ण केली. न मावणारा आकडा आला की प्रोग्राम आता थांबतो आणि लाल अक्षरात तसं सांगतो.

सोमवारी सकाळी नऊ बायका गेटवरून परत गेल्या. शेजारच्या कारखान्यात काटा तपासायला निघालेली बुद्धप्रिया त्यांना रस्त्यातच भेटली. सावित्रम्मा सगळ्यांच्या मागं, पाय ओढत चालली होती. ती थांबली नाही.

"संघपाल आत गेला कामावर," जाता जाता म्हणाली. "आमी बाहेर."

"सावित्रम्मा—"

"बोलू नगंस. मी सांगितलं ते मीच सांगितलं." चार पावलं पुढं जाऊन ती वळली. "पन चोवीस सेकंद होते गं आमचे."

गेटवरच्या कॅमेऱ्यात अपघाताच्या दिवशी, मंगळवारी सकाळी, कल्लप्पा पंच करताना दिसतो, तेव्हा आठ वाजून बावीस सेकंद झाले होते.